पिशवी म्हटलं की फोन कापडी पिशव्या दाखवतो: वस्तीवर, तांड्यावर आरोग्याची खरी माहिती शोधायला कसं शिकवायचं

समाजमंदिरात बारा बायका बसलेल्या, मधे चार फोन, आणि एका वहिनींनी माईकचं बटण दाबून फोन अगदी तोंडाजवळ धरून विचारलं, "पिशवी काढायची का न्हाई?" फोनवर आल्या कापडी पिशव्या, ज्यूटच्या पिशव्या आणि घरच्या घरी पिशवी शिवायचे व्हिडिओ. सगळ्या हसल्या, वहिनी पण हसल्या, मग फोन खाली ठेवून म्हणाल्या, जाऊ द्या ताई, ह्याला आपलं कळत न्हाई. त्यांना एका दवाखान्यात गर्भपिशवी काढायला सांगितलं होतं, ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन झालेले, दसरा झाला की साखर कारखान्यावर जायचं होतं, म्हणजे निर्णय पंधरा दिवसात घ्यायचा होता. वय बत्तीस.

त्याच्या आधी दीड तास मी त्यांना इंटरनेट म्हणजे काय, ब्राउजर म्हणजे काय, वेबसाइट म्हणजे काय हे सगळं शिकवत बसले होते. त्यातलं एक अक्षर त्या बाईच्या कामाला आलं नाही. तिला हवं होतं एवढंच की कुणीतरी सांगावं, ह्याला लिहिण्यात "गर्भाशय" म्हणतात, असं विचार. तसं विचारलं आणि समोरची यादीच बदलली.

तेव्हापासून मी शिकवायची पद्धत उलटी केली, ती इथं लिहिते आहे. आशा ताई, बचत गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताई, अंगणवाडीच्या मॅडम, गावातली कॉलेजची पोरं, ज्यांना आपल्या वस्तीवर असं काही करायचं आहे त्यांच्यासाठी. माझा अनुभव बीड जिल्ह्यातला, पाटोदा-शिरूर बाजूचा, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांमधला. तुमच्याकडे पाड्यावर किंवा शहरातल्या झोपडपट्टीत थोडं वेगळं असेल पण बराचसा भाग तसाच लागू पडेल.

आमच्याकडे ह्याची एवढी निकड का आहे तेही सांगायला पाहिजे. २०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांची बातमी देशभर गेली, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, त्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तिशी-पस्तिशीतल्या. कारणं पुष्कळ आहेत, फडावर संडास नाही, पाळीत सुट्टी नाही, खाडा झाला की दंड, गरिबी तर आहेच. पण बाईशी बोललं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "काढली न्हाई तर क्यान्सर हुईल म्हणले." आणि हे खरं का खोटं ते विचारायला तिच्याकडे दुसरी जागाच नव्हती. आता फोन आलाय म्हणजे एक जागा झालीय, फक्त त्या जागेत खरं आणि खोटं एकाच टोपलीत पडलेलं आहे.

आणि अडाणी बायकांना हे जमेल का असं कुणी म्हणालं तर त्यांना जामखेडचं सांगा. आमच्या शेजारीच आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथं काम सुरू केलं आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांना गावच्या आरोग्यसेविका केलं, त्या बाळंतपणं, जुलाब, कुष्ठरोग सगळं शिकल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली आणि बालमृत्यू कमी करून दाखवले, त्यावरचा शोधनिबंध १९९९ साली लॅन्सेट ह्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात आला. मग फोनचा माईक दाबून दोन साईटी ताडून बघणं हे त्यापुढे काहीच नाही, शिकवणारा नीट पाहिजे.

फोन पिशवीतच राहू द्या, आधी प्रश्न काढा

पहिल्या बैठकीत फोन काढायचाच नाही. फक्त विचारायचं, मागच्या महिन्यात घरात कोण आजारी होतं, काय कळत नव्हतं, कुणाला विचारलं. बायका सुरुवातीला गप्प बसतात मग एक बोलली की सगळ्या बोलतात. लेकराला सारखा जुलाब, सासऱ्याची शुगर, अंगावरून पांढरं जातंय, नायट्याची ट्यूब लावून लावून कातडी काळी पडली, पोरगी अठराची झाली तरी रक्त कमी, नवऱ्याला दारू सोडायचं औषध चहातून देतात का. हे सगळं जसंच्या तसं, त्यांच्या शब्दात लिहून घ्या. दुरुस्त करू नका. "श्वेतप्रदर" लिहू नका, "अंगावरून पांढरं जाणं" असंच लिहा, कारण पुढचं सगळं काम ह्याच वहीवर उभं राहतं.

पुरुष असेल शिकवणारा तर ह्या बैठकीला आशा ताईंना बसवा आणि स्वतः बाहेर थांबा, खरंच सांगते, नाहीतर तुम्हाला फक्त सर्दी-खोकला ऐकायला मिळेल.

शब्दांची वही

शंभर पानी साधी वही घ्यायची, मधे उभी रेघ मारायची. डाव्या बाजूला आपला शब्द, उजव्या बाजूला लिहिण्यातला शब्द. पिशवी म्हणजे गर्भाशय. पांढरं जाणं म्हणजे श्वेतप्रदर. शुगर म्हणजे मधुमेह. रक्त कमी म्हणजे ॲनिमिया, रक्तक्षय पण म्हणतात. लकवा म्हणजे पक्षाघात. फिट, आकडी, मिरगी म्हणजे अपस्मार. पाळी जाणं म्हणजे रजोनिवृत्ती. नायटा म्हणजे गजकर्ण, आणि इंग्रजीतला रिंगवर्म हा शब्दही देवनागरीत लिहून ठेवायचा कारण त्यावर जास्त माहिती निघते. टीबीला क्षयरोग. धाप, दमा, छाती भरणं ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या तीन ओळीत लिहा.

मला विचाराल तर सगळ्या प्रशिक्षणातली सगळ्यात मोलाची वस्तू ही वहीच आहे. ज्यांना वाचता येत नाही त्या उजवीकडचा शब्द तोंडपाठ करतात, ओव्या पाठ असलेल्या बायका आहेत ह्या, दोन शब्द काय अवघड. तांड्यावर तर तीन रकाने करावे लागतात, गोरमाटीतला म्हणजे बंजारा बोलीतला शब्द, मराठी बोलीतला आणि लिहिण्यातला. ह्यात तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायका फार उपयोगी पडतात, शब्द त्यांच्याकडेच असतात, आणि "तुम्ही सांगा, आम्ही लिहितो" म्हटलं की प्रशिक्षणात त्यांचं बसणं वेगळंच होऊन जातं.

बसायची व्यवस्था

आठ ते दहा जणी, त्याहून जास्त नको. तीन जणीत एक फोन. दुपारी दोन ते चार, भांडी आवरून झाल्यावर आणि सांजच्या स्वयंपाकाच्या आधी. ऊसतोडीची घरं पाडव्याच्या आसपास परततात आणि दसरा-दिवाळीला निघतात, त्यामुळे आमचा सगळा कार्यक्रम उन्हाळा-पावसाळ्यातच. रेंज कुठे येते ते आदल्या दिवशी फिरून बघून ठेवा, एका वस्तीवर आम्ही पाण्याच्या टाकीखाली वर्ग घेतो कारण दोन काड्या फक्त तिथंच येतात. बायकांचा डेटा वापरू नका, तुमच्या फोनचा हॉटस्पॉट द्या. तुमच्यासाठी दहा-वीस रुपये असतात, त्यांच्यासाठी घरी "पॅक कसा संपला" म्हणून बोलणी असतात.

कीबोर्डमध्ये मराठी भाषा चालू आहे का ते प्रत्येक फोनवर आधी बघा, नसेल तर माईक मराठी बोललेलं इंग्रजी समजून काहीतरी भलतंच लिहितो आणि बाईला वाटतं आपलंच बोलणं चुकीचं.

आणि एक नियम, तो मी मोडू देत नाही. शिकवणाऱ्याने बाईच्या फोनला हात लावायचा नाही. हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. ती चुकीचं बटण दाबेल, जाहिरात उघडेल, बाहेर पडेल, परत येईल, वेळ लागेल, लागू द्या. आपण "आणा इकडे" म्हणून फोन घेतला की ती शिकत नाही, फक्त बघते. आठवडाभराने एकटी असताना तिला काय जमणार.

पहिला शोध: कुत्रं चावलं तर काय करायचं

सुरुवात अशा प्रश्नाने करा ज्याचं उत्तर पक्कं आहे आणि जो सगळ्यांचा आहे. मी कुत्रं चावल्याचा घेते. आधी विचारायचं, तुम्ही काय करता. कुणी हळद-चुना सांगतं, कुणी मिरचीची पूड, कुणी मांत्रिकाचं पाणी. हसू नका, चूक म्हणू नका, फळ्यावर लिहा. मग शोधायला सांगा. जागतिक आरोग्य संघटना असो, सरकारी पान असो की मोठ्या रुग्णालयाचं, सगळीकडे एकच निघतं: जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, काही भरू नका, आणि त्याच दिवशी लस घ्यायला जा, लसीचे सगळे डोस पुरे करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही हेही सगळीकडे सारखंच. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते हे आशा ताई सांगतील.

इथं बायकांना पहिल्यांदा जाणवतं की चार वेगळ्या जागी तेच उत्तर आलं तर ते धरायचं. नुसतं "विश्वासार्ह स्रोत" म्हणून समजत नाही, हे असं डोळ्याने बघितलं की समजतं.

दुसरा सराव मिठा-साखरेच्या पाण्याचा. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा छोटा. दोन ठिकाणी शोधायचं, प्रमाण जुळतंय का बघायचं, कुणी मूठभर साखर लिहिलीय का ते पकडायचं. मग खरंच तिथं करून प्यायचं. आणि त्याच वेळी दुकानातली पाकिटं समोर ठेवा. ओआरएस नाव मोठ्या अक्षरात आणि आत नुसतं गोड सरबत असे डबे वर्षानुवर्षं खपले, हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टर बाईंनी त्यासाठी बरीच वर्षं लढा दिला आणि अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाण्यापिण्याच्या वस्तूंवर देखरेख करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, आदेश काढला की जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणाप्रमाणे नसलेल्या पेयावर ओआरएस हे नाव टाकता येणार नाही. जुलाब लागलेल्या लेकराला असलं जास्त साखरेचं पाणी दिलं तर जुलाब वाढतात. म्हणजे नाव वाचून थांबायचं नाही, पाकीट उलटं करून मागचं वाचायचं, ही सवय फोनच्या आधी पाकिटावर लागते. गोळ्यांच्या पट्टीवरची उभी लाल रेघ पण ह्याच वेळी दाखवा, ती असली की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. नायट्याची ती ट्यूब आठवते ना, अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, खाज दोन दिवसात थांबते आणि नायटा अंगभर पसरतो. गटातली ट्यूब मागवून त्यावरची नावं एकेक करून शोधली तेव्हा जी शांतता पसरली होती ती मला अजून आठवते.

सांगणारा कोण आणि विकतोय काय

हा भाग सावकाश घ्या, ह्याला दोन बैठका लागतात.

शोधल्यावर सगळ्यात वर जे येतं ते सगळ्यात खरं असं बायकांना वाटतं, आणि का वाटू नये, रांगेत पहिला तो मोठा असंच असतं. म्हणून आधी "प्रायोजित" हा शब्द ओळखायला शिकवा. वाचता येत नसेल तर तो शब्द कागदावर मोठा काढून चित्रासारखा ओळखायला लावा. तो दिसला म्हणजे पैसे देऊन वर आलेलं आहे, खाली सरका. मग पत्ता. जीओव्ही डॉट आयएन ने संपणारा पत्ता सरकारी, पण शेवटच बघायचा, मधे कुठेतरी जीओव्ही लिहून पुढे दुसरंच शेपूट लावलेले पत्ते असतात. मराठीत वाचायला राज्याच्या आरोग्य विभागाची साईट आहे, केंद्र सरकारचं विकासपीडिया आहे, डॉ. श्याम अष्टेकरांची आरोग्यविद्या ही साईट खास साध्या मराठीत लिहिलेली आहे. ह्या तीन-चार जागा फोनच्या होम स्क्रीनवर चिकटवून द्या. दरवेळी गुगलच्या समुद्रात उतरायची गरज नाही, रोजचं पाणी आडातनं भरलेलं बरं.

पण खरं सांगायचं तर आमच्या बायका वाचत नाहीत, व्हिडिओ बघतात. म्हणून एक व्हिडिओ सगळ्यांनी मिळून उघडून बघायचा. आम्ही घेतला तो साडेचार मिनिटांचा होता, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, "शुगर मुळापासून संपवा, गोळ्या फेकून द्या". दर मिनिटाला थांबवायचा आणि विचारायचं. ह्याने नाव सांगितलं का? नाही. डिग्री? नाही. कुठल्या गावात बसतो? नाही सांगितलं. मग एक आज्जी, जिच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा फोन आला होता, ती म्हणाली, "खाली बघा की, लांबर दिलाय." खाली ऑर्डरचा नंबर होता, पावडर डबा, तीन डबे घेतले तर सूट. आज्जी म्हणाली, म्हणजे हा बोहारणीसारखा दारावर आलाय. हाच तो धडा, माझ्या तोंडून तो इतका नीट निघाला नसता.

त्याच दिवशी कायद्याचं सांगून टाकायचं, बायकांना ते फार आवडतं. १९५४ पासून आपल्याकडे औषधे आणि जादुई उपाय कायदा आहे, त्यात मधुमेह, कॅन्सर, मूतखडा, फिट, वंध्यत्व, उंची वाढवणं अशा कितीतरी आजारांवर बरं करण्याचा दावा करणारी जाहिरात करायलाच बंदी आहे. म्हणजे जो "शंभर टक्के शुगर जाते" अशी जाहिरात करतो तो बोलतानाच कायदा मोडतोय. डॉक्टर खरा का ते तपासायचं असेल तर ॲलोपॅथीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साईटवर आणि बीएएमएस असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे नोंदणी बघता येते. नाव टाकून एकदा आपल्याच तालुक्यातल्या ओळखीच्या डॉक्टरचं नाव शोधून दाखवा, सापडलं की विश्वास बसतो की असं असतं.

आणि उलट बाजूही दाखवायची, नाहीतर सगळंच खोटं असं वाटून बसतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव शोधायला सांगा. कुठे काम करतात ते कळतं, डिग्री कळते, विंचू चावल्यावर प्राझोसिन देऊन माणसं वाचवली ते संशोधन लॅन्सेटमध्ये छापून आलं ते कळतं, २०२२ ला पद्मश्री मिळाली ते कळतं, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या नावामागे विकायचा डबा नाही. असा माणूस मागे जाऊन शोधता येतो. फक्त आजकाल मोठ्या डॉक्टरांचा चेहरा आणि आवाज लावून बनवलेले खोटे व्हिडिओ येतात, त्यामुळे ओळखीचा चेहरा औषध विकताना दिसला तर त्यावर विश्वास टाकायचा नाही, कितीही खरा वाटला तरी.

व्हॉट्सॲप

इथं जास्त ताणत नाही. दोन बाणांची खूण आणि "अनेक वेळा फॉरवर्ड केलेला" असं आलं म्हणजे तो मेसेज कितीतरी हातांतून आलाय, लिहिणारा कोण ते पाठवणाऱ्याला पण माहीत नाही. ज्याने पाठवला तो चांगला असू शकतो, मामा असू शकतो, सरपंच असू शकतो. मामाला खोटा म्हणायचं नाही, "मामा, हे कुठं आलंय?" एवढं विचारायचं. हे वाक्य गटात मोठ्याने म्हणून घ्या, एकीने मामा व्हायचं, दुसरीने विचारायचं, कारण नात्यात विचारायचं कसं हीच खरी अडचण असते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली तेव्हा लस घेतली की पुढे मूल होत नाही असले मेसेज फिरले आणि कितीतरी आईबापांनी त्या दिवशी लेकरं शाळेत पाठवली नाहीत. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवराची साथ आली, लेकरं गेली. तिथं लस चुकलेली लेकरं खूप होती, काहींची कोविडच्या काळात चुकलेली, काहींची भीतीपोटी. हे मी घाबरवायला सांगत नाही पण सांगते जरूर. लसीचं वेळापत्रक मात्र फोनवर शोधायला लावू नका, माता-बाल संरक्षण कार्डावर ते छापलेलंच आहे, ते कार्ड काढा आणि वाचा.

ते निळं वर्तुळ

आता व्हॉट्सॲपमध्येच एआयचं निळं वर्तुळ आलंय, गुगलमध्ये पण वर आयतं उत्तर येतं, आणि बायका ते वापरतात, मनाई करून उपयोग नाही. मी सांगते, हा हुशार पण पुढे-पुढे करणारा पोरगा आहे, येत नसलं तरी नाही म्हणत नाही. त्याला शब्दाचा अर्थ विचारा, रिपोर्टमधल्या इंग्रजी शब्दाचं मराठी विचारा, डॉक्टरला काय काय विचारू ते विचारा, हे तो छान करतो. गोळी किती घेऊ, गोळी बंद करू का, लेकराला अर्धी देऊ का, हे विचारायचं नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो टाकायचा असेल तर नाव-गाव अंगठ्याने झाकून काढायचा.

कुणाला कळू नये असं शोधताना

फोन बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा पोराचा असतो. बाईने पांढरं जाण्याबद्दल काही बघितलं की संध्याकाळी पोराला युट्यूबवर तेच व्हिडिओ येत राहतात, आणि मग ती परत कधी शोधत नाही. म्हणून इन्कॉग्निटो शिकवायलाच पाहिजे. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, त्यात नवीन इन्कॉग्निटो टॅब, टोपी-चष्म्याचं चित्र येतं, काम झालं की बंद करायचं. युट्यूबची हिस्टरी पुसणंही दाखवा. हे मी फक्त बायका असताना शिकवते आणि कुणी कशासाठी म्हणून विचारत नाही. मूल नको असणं, मारहाण, एचआयव्ही, मनात जीव द्यायचे विचार, ह्यातलं काहीही असू शकतं. एचआयव्हीसाठी १०९७, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट, मराठीत बोलता येतं. टाईप करण्यापेक्षा बोलणं सोपं जातं अनेकींना.

आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या नावाने ओटीपी मागणारे फोनही येतात. ओटीपी द्यायचा नाही. योजनेत बसतं का हे विचारायला १५५३८८ ला आपण फोन करायचा, आलेल्या फोनला माहिती द्यायची नाही.

माहिती मिळाली, आता दवाखान्यात बोलायचं कसं

इथपर्यंत येऊन बरेच लोक थांबतात आणि तिथंच सगळं फुकट जातं. बाई खरी माहिती घेऊन जाते आणि डॉक्टरसमोर पदर सारखा करत गप्प बसते. म्हणून शेवटची बैठक फक्त बोलायच्या सरावाची. फोनवरचं काही डॉक्टरला दाखवायचं नाही, प्रश्न विचारायचे. सुरुवातीच्या त्या वहिनींसाठी आम्ही चार प्रश्न काढले होते: मला नेमकं काय झालंय आणि रिपोर्टमध्ये ते कुठं लिहिलंय. पिशवी न काढता गोळ्या किंवा दुसरा उपाय आहे का. आत्ता नाही काढली तर काय होईल. काढताना अंडाशय पण काढणार का. शेवटचा प्रश्न त्यांनी स्वतः शोधून आणला होता, कारण त्यांनी वाचून घेतलं होतं की अंडाशय लवकर काढले की पाळी जाण्याचे त्रास लवकर येतात, हाडं ठिसूळ होतात. नुसतं पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे, जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो औषधाने बरा होतो, हेही तेव्हाच कळलं. त्या सरकारी रुग्णालयात गेल्या, परत तपासणी झाली, औषधं चालू झाली आणि त्या वर्षी पिशवी घेऊनच कारखान्यावर गेल्या.

त्याच गटातल्या दुसऱ्या एकीची मोठी गाठ होती, रक्त सहावर आलेलं, तिने हेच प्रश्न विचारले आणि ऑपरेशनच योग्य निघालं. तिने ते समजून केलं, आधी रक्त वाढवून घेतलं, आता बरी आहे. दोघींचं सांगायलाच पाहिजे, नाहीतर शोधायला शिकणं म्हणजे डॉक्टरचं ऐकायचं नाही असा अर्थ लोक काढतात.

गट कारखान्यावर निघायच्या आदल्या दिवशी आम्ही एक छोटा कागद करतो. रुग्णवाहिका १०८, आरोग्याचा सल्ला १०४, टेलिमानस १४४१६, टीबीसाठी १८००११६६६६, आणि गावच्या आशा ताईंचा नंबर. खाली गटाने सगळ्यात जास्त वापरलेले पाच शब्द, आपला आणि लिहिण्यातला. तो घडी करून फोनच्या कव्हरमध्ये मागे घालायचा, कव्हर पारदर्शक असलं तर लिहिलेली बाजू आत. पाचटाच्या धुळीत, घामाने कागद विरतो, म्हणून वरून चिकटपट्टी मारून द्या आणि दोन प्रती करा, एक फोनला आणि एक कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धान्याच्या डब्यात.